लहानूभाऊचा जबाब

माहं डोकं लवकर तापते. हे पहिलेच सांगून टाकते, कारण मी नाई सांगतलं तरी लोकं सांगतीलच. गडचिरोलीत बस स्टँडच्या मागं माहं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथी येणारे अर्धे गिऱ्हाईक पहिले माहं तोंड पाहतात, आज मूड कसा आहे म्हणून, अन् मग पिशवीतून मशीन काढतात. काम चोख आहे म्हणून येतात, नाईतं कोण आलं असतं!

त्या शुक्रवारी सकाळी साडेनऊले मी जांभूरटोल्याच्या हापिसात पोचली तेव्हाच डोकं अर्धं तापलेलं होतं. एप्रिलचं ऊन, पन्नास किलोमीटर स्कूटी, त्यात शेवटचे बारा किलोमीटर नुसती उखडलेली गिट्टी. हापीस म्हणजे अकरा गावांच्या ग्रामसभांनी मिळून केलेल्या संघाचं. दोन खोल्या, वर कवेलूचं छप्पर, आत टेबलावर एक कम्प्युटर, दोन लॅपटॉप अन् एक लोखंडी पेटी. तो कम्प्युटर मीच बसवून देल्ला होता. मशीन जुनं, विंडोज त्याच्यावर रांगत होतं, म्हणून मी त्याच्यावर लिनक्स नावाची हलकी सिस्टम टाकली. बाहेरून एक मोठी डिस्क जोडली, अन् "सभा" नावाचं एक फोल्डर असं करून ठेवलं की दोन्ही लॅपटॉपवरून नेटवर्कनं उघडावं. अकरा गावांचे ठराव, नकाशे, फोटो, सगळं त्या एका फोल्डरात.

दाराजवळ केसरबाई बसून होत्या. लहानूभाऊ नरोटेची बायको. लहानूभाऊ तीन दिवसांआधी, मंगळवारी गेले होते.

"जोहार बाई," मी म्हणलं.

"जोहार. आली का? पाय बरं बाई. भाऊचं बोलणं त्याच्यात आहे म्हणतात."

आत पुनम उसेंडी उभी होती. संघाचे सगळे कागद तीच सांभाळते. तीस वर्षांची बाई, दोन लेकरांची माय, अक्षर असं की छापल्यासारखं. पण मले पाह्यलं की तिचा आवाज अर्धा होते. तेव्हा त्याचं मले काही वाटत नव्हतं. शिस्त आहे, असंच वाटत होतं.

मामला काय होता ते सांगते. दुपारी तीनले गडचिरोलीत जांभूरटोल्याच्या सामूहिक वनहक्काच्या दाव्याची सुनावणी होती. टेकडीपलीकडचं जंगल, तिथला तलाव अन् पेनठाणा, म्हणजे त्यायच्या देवांची जागा, हे गावाच्या हद्दीत येते का नाई, एवढाच सवाल. कागदावर त्या हद्दीची नोंद कुठीच नव्हती. हद्दीचे जुने दगड झुडपात कुठी कुठी दबले आहेत हे माहीत असलेला एकच माणूस जिता होता, लहानूभाऊ. शनिवार-रविवार लोकं त्यायच्या मागं मागं जंगलात फिरले, त्यायनं एकेक दगड दाखवला, अन् दोन्ही दिवस संध्याकाळी हापिसात बसून त्यायनं जबाब देल्ला. पुनमनं तो फोनवर व्हिडिओत घेतला. बुधवारी तो कागदावर उतरवून खाली अंगठा घ्यायचा होता. मंगळवारी सकाळी मोह वेचता वेचता भाऊ झाडाखाली बसले, ते बसलेच.

म्हणजे अंगठा राह्यला. आता होता तो फक्त व्हिडिओ, अन् व्हिडिओ होता "सभा" फोल्डरात, अन् काल संध्याकाळपासून ते फोल्डरच उघडत नव्हतं.

"फोनमंधला व्हिडिओ?" मी विचारलं.

"पुसला ताई. फोन भरला होता. सोमवारी दुसऱ्या गावची सभा होती, तिचं रेकॉर्डिंग करायचं होतं म्हणून..." तिचा आवाज अजून बारीक झाला. "पण पुसायच्या पहिले कम्प्युटरमंधी ठेवला होता. दोन्ही दिवसाचा. लॅपटॉपवरून."

"बारा वाजेपर्यंत देतो काढून," मी म्हणलं. साडेबाराले फाट्यावरून गडचिरोलीची एसटी होती. ती गेली की मग चारशिवाय गाडी नाई.

पहिले लॅपटॉप पाह्यला. "सभा" वर क्लिक केलं की थोडा वेळ गोल फिरे अन् मग सांगे, सापडत नाई. म्हणलं, वायर सुटली असन. वायर पाह्यली, बरोबर. लॅपटॉपवरून त्या मशीनले हाक मारून पाह्यली, म्हणजे पिंग केलं, तं मशीन ओ देऊन राह्यलं होतं. म्हणजे रस्ता ठीक आहे, दुकानदारच झोपला आहे. लिनक्सवरचं फोल्डर विंडोजच्या लॅपटॉपले दाखवायचं काम सांबा नावाचा प्रोग्राम करते. मशीनवर जाऊन पाह्यलं तं सांबा बंद. चालू केला, परत बंद. परत चालू केला, परत बंद. कारण काय म्हणून त्याची नोंद उघडली तं तिथी लिहिलेलं, डिस्कवर जागाच नाई.

"जागा नाई?" मी मोठ्यानंच म्हणलं. "अख्खी डिस्क रिकामी आहे वं! काय भरलं तुम्ही इथी, पिक्चर?"

"नाई ताई."

मशीनले दोन डिस्का होत्या, हे समजून घ्या. एक आतली, लहान, तीस जीबीची, तिच्यावर फक्त लिनक्स. दुसरी बाहेरची, मोठी, तिच्यावर सगळे कागद. मोठी डिस्क पाऊण रिकामी होती. भरली होती ती आतली, काठोकाठ. जागा नाई तं सांबाले आपली टिपणं लिहिता येईना, म्हणून तो उठता उठता पडत होता.

मी जुन्या नोंदी पुसल्या, कामाचं नव्हतं ते उडवलं, कशीबशी थोडीशी जागा केली. सांबा उठला. लॅपटॉपवर क्लिक केलं अन् "सभा" उघडलं. सव्वादहा झाले होते. मी पुनमकडं असं पाह्यलं, की पाय, याले म्हणतात काम.

"कुठी ठेवलं होतं?"

"लहानूभाऊ नावाचं फोल्डर केल्लं होतं ताई."

फोल्डरात जुने ठराव होते, मागच्या वर्षीचे नकाशे होते, तेंदूच्या बैठकीचे फोटो होते. लहानूभाऊ नव्हते.

नावानं शोधलं, तारखेनं शोधलं. शनिवारची एकबी फाइल नाई, रविवारची एकबी नाई. कचऱ्याची टोपली पाह्यली, रिकामी. दुसरा लॅपटॉप धुंडाळला, त्यावरबी नाई. पुनम माह्या मागं उभी राहून श्वास घेऊन राह्यली होती, तो श्वास मले मानेवर लागत होता अन् माहं डोकं चढून राह्यलं होतं.

"तू ठेवलेच नाई," मी म्हणलं.

"ठेवले ताई. दोन्ही दिवस."

"मग कुठी गेले? डिस्कनं खाल्ले का?"

"मले नाई माहीत. पण ताई, त्या दिवशी—"

"त्या दिवशी काय? ठेवले म्हणून तुले वाटलं! पाहून घेतलं होतं का उघडून? अन् फोन पुसायची एवढी काय घाई होती? एका म्हाताऱ्या माणसाचं एवढं बोलणं, त्याची दुसरीकडं एक कॉपी नाई करता येत? मुंडकं आहे का मडकं?"

दारातून केसरबाईनं आत पाह्यलं. पाह्यलं असं की माहीच नजर खाली गेली. तरी तोंड बंद व्हायले पाहिजे होतं ना, ते काही झालं नाई. मी बडबडतच राह्यली. पुनमनं पदराचं टोक बोटाले गुंडाळलं अन् सोडलं, गुंडाळलं अन् सोडलं.

अकरा वाजले. विनोदभाऊचा फोन आला. संघाचे वकील, गडचिरोलीत आमची वाट पाहत होते. "माधवी, भेटला का जबाब?"

"शोधून राह्यली."

"हे पाय, जबाब नसन तं टेकडीपलीकडचं आज नकाशातून जाते. मी तारीख वाढवून मागीन, पण वाढवून काय करायचं? माणूस का परत येणार आहे?"

फोन ठेवला अन् दाराकडं पाह्यलं. खरं सांगते, तोपर्यंत मले ते एक बिघडलेलं मशीन होतं. आता केसरबाई दिसू लागल्या.

एकच रस्ता राह्यला होता. पुसलेल्या फाइली शोधून काढायचा एक प्रोग्राम असते, तो त्या मोठ्या डिस्कवर चालवायचा. पण तो टाकायले आतल्या डिस्कवर जागा पाहिजे, अन् जागा मी जेवढी करो तेवढी कमी. अन् एक गोष्ट माह्या समजतच नव्हती. आतल्या डिस्कवरच्या सगळ्या फोल्डरांची बेरीज केली तं होते अकरा जीबी. डिस्क म्हणे, मी अठ्ठावीस भरली. मधातले सतरा कुठी? तीनदा मोजलं, तीनदा तेच. दुसरा कोणता दिवस असता तं मी बसली असती, विचार केला असता. त्या दिवशी मी म्हणलं, सिस्टमच सडली आहे याची. मरू दे.

"नवी सिस्टम टाकते," मी म्हणलं. "आतली डिस्क सगळी पुसून. पंधरा मिनिटं लागतात. तिच्यावर तसंबी काही नाई, कागद सारे मोठ्या डिस्कवर आहेत. मग त्या डिस्कवर शोधाशोध करू."

सव्वाअकरा झाले होते. माह्या पिशवीत लिनक्सची पेनड्राइव्ह नेहमीच असते. ती लावली, मशीन तिच्यावरून चालू केलं. भाषा विचारली, सांगतली. कीबोर्ड विचारला, सांगतला. मग ते पान आलं जिथी विचारतात, संपूर्ण डिस्क पुसून नवीन सिस्टम टाकायची का? म्हणलं, टाका बाबा. हो वर टिचकी मारणार, तेवढ्यात वाटलं की मोठी डिस्क मधात नको, चुकून तीच पुसल्या जायची. म्हणून मी वाकली अन् तिची वायर मागून उपटली अन् डिस्क उचलून पेटीवर ठेवली.

"ताई," पुनम म्हणाली.

"आता काय?"

"त्या दिवशीबी ही अशीच काढून ठेवली होती."

माहा हात माऊसवर होता. "काय?"

"ही डिस्क. शनिवारी. अशीच पेटीत होती."

"कोणी काढली?"

तिनं भिंतीकडं बोट केलं. टेबलाच्या वर कागद चिकटवलेला होता, लाल मार्करनं, माह्याच अक्षरात. ढग गरजले की सगळ्या वायरी काढा. खाली माहं नाव, अन् "सगळ्या" च्या खाली दोन रेघा.

दोन वर्षांआधी इथी वीज पडली होती. राऊटर जळाला, एक कम्प्युटर जळाला. या जंगलात वीज पडणं काही नवं नाई, दरसाल कुठी न कुठी माणूस जाते, ढोरं जातात. पण त्या दिवशी माणसं सलामत आहेत यापेक्षा मशीन जळाल्याचंच मले जास्त लागलं होतं. मी येऊन पुनमले अकरा गावच्या लोकायसमोर अर्धा तास झाडलं होतं अन् मग तो कागद चिकटवला होता. तेव्हापासून या हापिसात दूर टेकडीवर जरी गडगडलं तरी पहिले वायरी निघतात. विजेची, नेटवर्कची, सोलरची, अन् मोठ्या डिस्कचीबी. मी विजेच्या वायरीबद्दल म्हणत होती. पण लिहिलं तं "सगळ्या" च होतं ना!

"शनिवारी दुपारी गडगडलं," पुनम सांगू लागली. आता ती थांबली नाई, भरभर बोलली. "सगळं काढलं. डिस्क पेटीत ठेवली. मग लहानूआजा आले जंगलातून, त्यायले बसवलं, सोलरवर मशीन लावलं, नेटवर्कची वायर लावली. अजून मधात मधात गडगडत होतं म्हणून डिस्क पेटीतच राहू देल्ली. व्हिडिओ ठेवायले गेली तं 'सभा' उघडत होतं. आत काही दिसत नव्हतं, पण उघडत होतं. म्हणलं, जुनं सारं डिस्कमंधी असन, नवं इथी राहीन. डिस्क मग सोमवारी लावली, मशीन बंद करून, तुम्ही शिकवलं तसं."

"मग सकाळपासून हे काऊन नाई सांगतलं?"

तिनं माह्याकडं पाह्यलं. दोनदा ती "त्या दिवशी" म्हणाली होती अन् दोनदा... नाई, एकदाच म्हणाली होती. दुसऱ्यांदा म्हणायची मी वेळच येऊ देल्ली नव्हती.

मी माऊसवरचा हात काढला.

लिनक्समंधी काय असते, आतल्या डिस्कवर एक रिकामं फोल्डर असते, अन् बाहेरची डिस्क लावली की ती त्या फोल्डरावर येऊन बसते. मग फोल्डर उघडलं की दिसते ते बाहेरच्या डिस्कवरचं. भुईवर चटई अंथरल्यासारखं. शनिवारी चटई नव्हती, म्हणून पुनमनं जे ठेवलं ते सरळ भुईवर गेलं, आतल्या डिस्कवर. सोमवारी चटई अंथरली अन् लहानूभाऊ तिच्याखाली दडपले. ते बेपत्ता सतरा जीबी म्हणजे लहानूभाऊ होते. अन् मी ती भुईच खरवडून काढून राह्यली होती. एका टिचकीचं अंतर होतं.

"माय वं," मी म्हणलं, अन् मटकन खुर्चीवर बसली.

पेनड्राइव्ह काढली. मोठी डिस्क पेटीवरच राहू देल्ली. मशीन साधं चालू केलं. ते चालू व्हायले दीड मिनिट लागला. केसरबाई उठून आत आल्या होत्या, टेबलाले हात टेकून उभ्या होत्या. "सभा" उघडलं. आत एकच फोल्डर होतं. लहानूभाऊ.

पुनम रडू लागली. मले रडू नाई येत लवकर, मी नाक पुसलं अन् म्हणलं, "थांब, पाहू दे चालते का."

शनिवारचा व्हिडिओ लावला. लहानूभाऊ याच खोलीत, याच खुर्चीवर, खांद्यावर दुपट्टा, गुडघे चिखलानं भरलेले. बाहेर गडगडून राह्यलं होतं. मागून पुनमचा आवाज आला, "आजा, थांबा जरासं. ही डिस्क लावू का नको, समजत नाई. माधवीताईले फोन करून विचारते."

अन् लहानूभाऊ म्हणाले, "नोको विचारू. ओरडते ते."

खोलीतले पाच-सहा लोकं हासले. लहानूभाऊबी हासले. मग म्हणाले, "काम चांगलं जाणते पोरगी, पण तिले विचारायचं म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालणं. राहू दे तुही डिस्क. मी सांगतो ते घे." अन् सांगू लागले. पहिला दगड नाल्याच्या वळणावर, मोठ्या अर्जुनाच्या मुळाशी.

मी बंद केलं. कान तापले होते, पण रागानं नाई. पुनम खाली पाहत होती. केसरबाई पडद्याकडं पाहत होत्या, जिथी भाऊ हासता हासता थांबलेले होते.

पावणेबारा झाले होते. मी दोन पेनड्राइव्हवर कॉपी लावली अन् बाहेर जाऊन विनोदभाऊले फोन केला.

"भेटला!" मी म्हणलं.

"शाब्बास! हे पाय, त्याच्यासोबत एक प्रमाणपत्र लागते, की ज्या मशीनवर होता त्यावरून जसाचा तसा काढला, काही जोडलं नाई, काही कापलं नाई. मशीनचं काम तू पाहते, म्हणून सही तुही लागन."

मग म्हणलं, "भाऊ, सुरुवातीचा अर्धा मिनिट फालतू आहे. नुसता गडगडाट. तेवढा काढू का?"

पाठीमागं पुनम दारात येऊन उभी होती, हे मले मग दिसलं.

"एक सेकंदबी नाई," विनोदभाऊ म्हणाले. "अन् समोरच्यायले कुणकुण लागली तं म्हणतील आणखी काय काय काढलं. काढला तं सही करू नको, अन् सही केली तं काढू नको."

कापायले दोन मिनिटं लागली असती. प्रोग्राम माह्या लॅपटॉपवर होता. कोणाले समजलं नसतं. पुनमले समजलं असतं, पण ती बोलली नसती, तिले न बोलायची सवय मीच लावली होती. मी आत गेली, कॉपी पुरी होऊ देल्ली, पेनड्राइव्ह काढल्या अन् पुनमच्या हातात देल्ल्या. "तुह्याजवळ ठेव," मी म्हणलं. माह्याजवळ ठेवायचा मले भरोसा नव्हता.

स्कूटी हापिसातच सोडली. तिघी एसटीत बसलो. गाडी फाट्यावरून सुटली. मग माह्यानं राहवेना.

"मी एवढी ओरडते का वं?"

पुनम खिडकीबाहेर पाहू लागली. "थोडं," म्हणाली.

"थोडं नाई," केसरबाई म्हणाल्या. अन् तीन दिवसांत पहिल्यांदा असन, त्यायच्या तोंडावर हासू आलं.

मले माफी मागायची होती. शब्द ओठापर्यंत आले, पण मागायची सवय नाई तं कशी मागतात तेच सुचेना. मी पुनमले म्हणलं, "त्या दिवशी काय झालं ते मले सगळं सांग. पहिल्यापासून. मी मधात बोलत नाई." तिनं सांगतलं. फाटा ते गडचिरोली तिनं सांगतलं.

तीनले सुनावणी सुरू झाली. लांब टेबल, मधात समितीच्या अध्यक्ष मॅडम, बाजूले दोघं-तिघं अधिकारी. विनोदभाऊनं जबाबाचं सांगतलं, माहं प्रमाणपत्र पुढं ठेवलं. समोरून वनखात्याचे एक साहेब उठले.

"मॅडम, साक्षीदार मयत आहेत. लेखी जबाब नाही, अंगठा नाही. हा व्हिडिओ नंतर कापून, जोडून, सोयीचा करून आणलेला नाही कशावरून? यांच्याच कार्यालयात, यांच्याच मशीनवर होता. यांच्याच तंत्रज्ञाची सही आहे."

केसरबाईनं माहं मनगट धरलं. साहेब जे बोलत होते ते सगळं त्यायले समजलं नसन, पण बोलणं कुठी चाललं आहे ते समजलं होतं.

"आधी पाहू तरी," मॅडम म्हणाल्या.

व्हिडिओ लागला. गडगडाट. पुनमचा आवाज. मी खाली फरशीकडं पाहू लागली. अन् त्या भरल्या खोलीत, मोठ्या स्पीकरवर, लहानूभाऊ बोलले. नोको विचारू. ओरडते ते. मग वाघाच्या तोंडाचंबी आलं. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हासलं. मॅडमनं हात वर केला, व्हिडिओ थांबला.

"या माधवीताई कोण?"

पुनम उठू लागली, कशाले ते तिलेच माहीत. मी तिले हात धरून बसवलं अन् उभी राह्यली. "मी."

"प्रमाणपत्रावर सही तुमचीच?"

"हो मॅडम. मशीनमधून मीच काढला."

"काढताना हे ऐकलं होतं?"

"ऐकलं होतं."

"मग ठेवलंत कसं?"

आता खोटं काय बोलायचं? "कापणार होती मॅडम. मनात आलं होतं. वकिलायले विचारलंबी होतं, नुसता गडगडाट आहे म्हणून खोटं सांगून." विनोदभाऊनं कपाळाले हात लावला. "पण नाई कापलं. भाऊ गेले आता. मले लाज वाटते म्हणून त्यायच्या बोलण्यातलं काय ठेवायचं अन् काय नाई, हे मी ठरवणारी कोण? अन् ते खरंच बोलले. माह्या ओरडण्यामुळंच हा व्हिडिओ आज पुसल्या जाणार होता. एका टिचकीनं वाचला, तोबी या पुनममुळं."

मॅडम त्या साहेबांकडं वळल्या.

"ज्यांना कापायचं असतं त्यांनी आधी हेच कापलं असतं, नाही का?" मॅडमनं लिहिणाऱ्या बाबूले सांगतलं, "जबाब अभिलेखावर घ्या. नकाशा समोर ठेवा, एकेक दगड टिपत चला. सुरू करा."

मी खाली बसली. पुनमनं माह्या हातात आपला हात देल्ला.

लहानूभाऊ परत बोलू लागले. पहिला दगड, दुसरा दगड, तलावाच्या पाळीवरचा तिसरा. बाबू नकाशावर खूण करत होता. केसरबाईचे ओठ हालत होते, भाऊ जे नाव घेत ते त्याबी घेत होत्या, आवाज न करता. पेनठाण्याजवळ आल्यावर भाऊ थोडा वेळ थांबले, दुपट्ट्यानं तोंड पुसलं, अन् मग हळूहळू, घाई न करता, पुढचं सांगू लागले. त्यायले कोणी मधात अडवलं नाई. मीबी नाई.